ब्लाउजचे लाड, ब्राचे हाल

ब्लाउज शिवायला टाकताना तुम्ही टेलरला काय काय सांगता, ते जरा आठवून बघा. गळा पुढून फार खोल नको, मागून चालेल. मागच्या वेळी मुंढ्यात काचत होतं. बाही कोपराच्या दोन बोटं वर. कटोरी घाला, अस्तर सुती लावा, आणि शिलाईत मार्जिन ठेवा हो, दिवाळीनंतर लागतंच. एवढं सांगून वर मापाचा म्हणून जुना ब्लाउज देता. शिवून आला की घरी घालून बघता, आणि खांद्यावर एक चुणी दिसली तरी पुन्हा त्याच्या दारात उभ्या राहता.

आता ब्रा कशी घेता ते आठवा. "चौतीस द्या, कॉटनची." काउंटरमागे पुरुष असेल तर तेही अर्ध्या आवाजात. त्याने खोका उघडला, तुम्ही रंग बघितला, खोका बंद, पिशवीत. दोन मिनिटं. घालून बघायची सोय नाही, आणि गल्ल्यामागे पाटी लावलेली असते, ‘हा माल बदलून मिळणार नाही’. तो लग्नातला ब्लाउज वर्षातून चार वेळा अंगावर चढतो. ही दोन मिनिटांत घेतलेली वस्तू रोज बारा-चौदा तास अंगाला चिकटून असते.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, टेलर नाही. पण तालुक्याच्या गावी बायकांना तपासत इतकी वर्षं काढल्यावर काही गोष्टी दिसतातच. खांदे भरून येतात, पाठीत मधोमध दुखतं, छातीखाली खाज सुटते, छातीत दुखतं म्हणजे कॅन्सर तर नाही ना, अशा तक्रारी घेऊन बायका येतात. प्रत्येक वेळी नाही, पण बऱ्याचदा दुखण्याचं कारण तपासणीच्या पडद्यामागे खुंटीवर टांगलेलं असतं.

मी विचारते, "माप काय घालता?" "चौतीस." "आणि कप?" "म्हणजे?" "कोणी मोजलं होतं?" "लग्नाच्या खरेदीत आईने घेतली होती ना, तेच."

लग्नाला अठरा वर्षं झालेली, दोन बाळंतपणं झालेली, वजन बारा किलोंनी वाढलेलं. त्या वेळचा एकही ब्लाउज आता अंगात शिरत नाही हे तिला पक्कं ठाऊक असतं. ब्रा मात्र चौतीसच!

आपल्या आज्या-पणज्यांचं सगळंच बरं होतं असं मी मुळीच म्हणणार नाही, पण चोळीचं एक बरं होतं. खणाची चोळी अंगाच्या मापाने बेतलेली असायची आणि पुढे गाठ मारायची. अंग भरलं तर गाठ जरा सैल, उतरलं तर जरा घट्ट. बाळाला पाजायचं तर गाठ सोडली की झालं. नंतर तयार माल आला. अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या तरुणीने दोन हातरुमाल आणि रिबीन जोडून ब्रा केली, तिला 1914 साली त्याचं पेटंट मिळालं. कपाला ए, बी, सी, डी अशी अक्षरं द्यायची पद्धत 1930च्या दशकात सुरू झाली. कारखान्यातल्या मालाला गाठ नसते, म्हणून आकडा आणि अक्षर दोन्ही लागतात. आपल्याकडे आकडा पोचला, अक्षर वाटेत कुठेतरी सांडलं.

ब्रा काम कशी करते ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. स्तनात स्नायू नसतो. चरबी, दुधाच्या ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू, एवढंच. स्नायू असतो तो त्याच्या मागे, छातीच्या पिंजऱ्यावर. म्हणजे हे वजन कातडी आणि तंतूंच्या आधाराने लटकलेलं असतं, आणि ब्राने त्याला खालून आधार द्यायचा असतो. हा आधार मुख्यतः छातीखालून पाठीकडे जाणाऱ्या पट्ट्याने द्यायचा, खांद्यावरच्या बंदांनी नाही. गडावर जाणाऱ्यांना हे लगेच कळेल. पाठीवरच्या मोठ्या सॅकचा कमरपट्टा नीट आवळला की खांदे हलके होतात. तो सैल सोडला की सगळं ओझं खांद्यावर येतं.

आणि इथेच बहुतेकींची गाडी उलट्या दिशेने जाते. ब्रा घट्ट वाटली की आपण आकडा वाढवतो. चौतीसची छत्तीस, छत्तीसची अडतीस. खरं तर घट्ट झालेला असतो कप. आकडा वाढवला की कपाबरोबर पट्टाही मोठा होतो. सैल पट्टा पाठीवर वर सरकतो, पुढचा भाग खाली येतो, मग आपण खांद्याचे बंद आवळतो, त्यामुळे पट्टा आणखी वर सरकतो. संध्याकाळी खांद्यावर बोट जाईल एवढे वळ. अशा बाईला मी सांगते, आकडा एकाने कमी करा आणि अक्षर वाढवा. तिला वाटतं डॉक्टरांचं काहीतरी चुकलंय.

माप घरीच घेता येतं. शिवणाच्या डब्यातली टेप घ्या आणि आरशासमोर उभ्या राहा. स्तनांच्या बरोबर खालून, टेप जमिनीला समांतर ठेवून, श्वास सोडल्यावर अंगाला नीट लागेल अशी मोजा. समजा 34 इंच आले. मग स्तनांच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून, आधाराची पण जाड पॅड नसलेली ब्रा घालून, टेप न आवळता मोजा. समजा 37 आले. फरक 3 इंचांचा. एक इंच म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी, चार म्हणजे डी. तुमचं माप 34 सी. खालचं माप विषम आलं, समजा 33, तर 32 आणि 34 दोन्ही घालून बघा; अंगाने मऊ असाल तर बहुधा लहान आकडा बसतो, हाडकुळ्या असाल तर मोठा.

हे अक्षर एकटं काहीच सांगत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. ‘डी’ म्हणजे फार मोठं, असं नाही. 32 डी, 34 सी आणि 36 बी या तिन्हींच्या कपात जवळपास सारखीच जागा असते, फक्त पट्टा वेगळा. दुकानात 34 सी नसेल तर दुकानदार 36 बी पुढे करतो ते याच हिशोबाने. पण मग पट्टा सैल होतो, म्हणजे पुन्हा तीच कथा. शिवाय काही कंपन्यांच्या तक्त्यात छातीखालच्या मापात चार-पाच इंच मिळवायला सांगतात. त्या हिशोबाने अंग 32 इंच असलेल्या बाईला 36 घालावी लागेल! तेव्हा टेपने आलेला आकडा हा सुरुवात करायला, निकाल लावायला आरसा.

आरशासमोर काय बघायचं? ब्रा घालताना जरा पुढे वाका आणि काखेकडून हाताने स्तन कपात नीट बसवा, हे कोणी शिकवत नाही. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर नीट बसली पाहिजे. वापरून इलॅस्टिक सैल पडतं, तेव्हा आतली हुकं कामाला येतात. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत, मूठ नाही. दोन्ही हात वर करा, पट्टा जागचा हलता कामा नये. बाजूने बघा, पट्टा पुढे-मागे एका रेषेत हवा. आता खांद्यावरचे बंद दोन्ही बाजूंनी खाली उतरवा. तरीही ब्रा बऱ्यापैकी जागेवर राहिली, तर पट्टा आपलं काम करतोय. वरच्या कडेने स्तन बाहेर येऊन चार स्तन असल्यासारखे दिसत असतील तर कप लहान, कापडाला सुरकुत्या पडत असतील तर मोठा. तारेची ब्रा असेल तर तार स्तनाला पूर्ण वळसा घालून फासळ्यांवर टेकली पाहिजे. स्तनावर किंवा काखेतल्या मऊ भागावर रुतणारी तार नको. एक स्तन दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतोच, जवळजवळ सगळ्यांचा असतो. मोठ्याच्या मापाने घ्या आणि दुसऱ्या बाजूचा बंद थोडा आवळा.

हे सगळं दुकानात दोन मिनिटांत होत नाही, मान्य. म्हणून जिथे बायका विक्रीला आहेत आणि घालून बघायला आडोसा आहे असं दुकान शोधा, मग ते पुढच्या गावी असलं तरी चालेल. वर्षातून एकदा जायचंय. नाहीतर परत घेण्याची अट वाचून ऑनलाइन दोन-तीन मापं मागवा आणि न बसलेली परत करा. पैशांचं म्हणाल, तर अस्तराच्या ब्लाउजची शिलाई आपण कुरकुर न करता देतो, तेवढ्यात साधी सुती, नीट मापाची ब्रा मिळते.

आता दोरीकडे वळू. इथे पुरुष वाचकांनीही थांबावं. आपल्या घरांतून ब्रा वाळत कुठे घालतात? टॉवेलाखाली. परकराखाली. गॅलरीच्या आतल्या कोपऱ्यात, दाराआड. सासरे बसलेत, दीर येतो-जातो, शेजारी बघतील. उन्हाळ्यात चालून जातं. कोकणात किंवा घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात दोन कपड्यांच्या थराखाली घातलेली जाड कपड्याची ब्रा दोन दिवस वाळत नाही. सकाळी घाईत ती दमटच अंगावर चढते. स्तनाखालची घडी, त्यात घाम, वर ओलं इलॅस्टिक; बुरशीला याहून चांगलं घर कुठलं? लालभडक चट्टा, कडेला बारीक पुरळ, आग आणि खाज. अवघड जागचं दुखणं म्हणून दाखवायचं नाही, आणि मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणायची. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर बहुतेकदा तेज स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आतल्या आत पसरत राहते, कातडी पातळ होते, आणि मग साधी औषधं लागू पडेनाशी होतात. तेव्हा ट्यूब न आणता दाखवायला या. स्तनाखालचा भाग पुसून पूर्ण कोरडा करायचा, घडीत मऊ सुती कापड ठेवायचं, ब्रा रोज धुतलेली आणि खडखडीत वाळलेली घालायची. पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासायची. मधुमेह असा कातडीच्या घडीतून डोकावतो. आणि घरातल्या पुरुषांनी दोरीवर बनियन जशी बघितली न बघितली करता, तशीच ब्राही करावी. याला कुठलंही औषध लागत नाही.

छातीत दुखण्याबद्दलही सांगते, कारण त्याची भीती फार असते. पाळीच्या आधी आठ-दहा दिवस दोन्ही स्तन जड होतात, ठणकतात आणि पाळी आली की उतरतात. हे हॉर्मोन्सचं काम, कॅन्सरचं नव्हे. तपासून तसं नक्की झालं की माझा पहिला सल्ला गोळीचा नसतो, नीट आधार देणाऱ्या ब्राचा असतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 200 बायकांचे दोन गट केले होते. एकाला डॅनॅझॉल नावाचं औषध दिलं, दुसऱ्याला फक्त स्पोर्ट्स ब्रा. औषधाने 58 टक्के बायकांचं दुखणं कमी झालं, ब्राने 85 टक्के. औषधाचे दुष्परिणाम होते, ते वेगळेच.

पण सगळं ब्राच्या माथी मारायचं नाही. माझ्याकडे एक पन्नाशीची बाई आली होती, एका बाजूच्या स्तनाग्रावर खपली धरलेली, खाजरी जखम घेऊन. ब्रा घासते म्हणून होतंय, असं तिचं मत. आठ महिन्यांत तिने तीन ब्रा बदलल्या, खोबरेल तेल लावलं, एक ट्यूबही संपवली. घासून झालेली जखम घासणं थांबलं की आठ-पंधरा दिवसांत भरते. ही भरत नव्हती आणि एकाच बाजूला होती. तुकडा काढून तपासला, तो स्तनाग्राचा पॅजेट्स डिसीज निघाला, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर. वेळ गेला होता, पण हातचा गेला नव्हता. शस्त्रक्रिया झाली, स्तन काढावा लागला. बाई आज ठणठणीत आहेत. तेव्हा न भरणारी जखम, गाठ, आत ओढलं जाणारं स्तनाग्र, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, आपोआप येणारा रक्ताळ स्राव, यातलं काहीही दिसलं तर नवी ब्रा घेऊ नका, डॉक्टरांकडे जा.

या बाईंना पुढे नवाच प्रश्न पडला, आता घालायचं काय? कपाच्या आत खिसा शिवलेली ब्रा मिळते, त्यात कृत्रिम स्तन बसतो. जखम ओली असेपर्यंत मऊ आणि हलका, नंतर हवा तर सिलिकॉनचा. सुती दोऱ्याने विणून आत कापूस भरलेलेही असतात; स्वयंसेवक बायका ते विणून फुकट देतात, कॅन्सरच्या दवाखान्यातल्या समाजसेविकेकडे चौकशी करा. हे नुसतं दिसण्यासाठी नसतं. एका बाजूचं वजन गेलं की काही जणींच्या मानेला-खांद्याला ओढ बसते. बाईंनी आपल्या नेहमीच्या टेलरकडून जुन्याच ब्राला आतून खिसा शिवून घेतला, आणि तो मला दाखवायला मुद्दाम आल्या.

मोबाइलवर फिरणाऱ्या समजुतींना मी फार जागा देणार नाही. ब्रामुळे स्तनाचा कॅन्सर होतो, असं 1995 साली अमेरिकेत आलेल्या एका पुस्तकाने म्हटलं होतं. 2014 साली सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर संशोधन केंद्राने पंधराशेहून जास्त बायकांना विचारून त्याची छाननी केली. किती वर्षं घातली, रोज किती तास, तार होती की नव्हती. कशाचाही संबंध सापडला नाही. काळ्या रंगाच्या ब्राचंही तसंच. रात्री घालून झोपलं तर चालेल का? बरं वाटत असेल तर घाला, नसेल तर काढा. अंगावर पाजल्याने स्तन ओघळतात म्हणून बाळाला बाटली लावणाऱ्या आयांना मी कळकळीने सांगते, तसं नाही. वय, गरोदरपणांची संख्या, वजनाचे चढउतार आणि सिगारेट ही त्याची कारणं आहेत. पाजणं त्यात नाही.

आईंनो, मुलीकडे लक्ष द्या. आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान कधीतरी स्तनाग्रामागे बटणाएवढी दुखरी गाठ येते, बहुधा आधी एकाच बाजूला. घाबरून मुलीला घेऊन आया येतात; ती गाठ नाही, वयात येण्याची सुरुवात आहे. दाबू नका, शेकू नका. मुलीला मऊ सुती स्लिप आणा, आणि पुढे टेप घेऊन तिला मोजायला शिकवा. आठवीतली एक मुलगी माझ्याकडे ‘पोटात दुखतं’ म्हणून तीनदा आली. तिन्ही वेळा वार तोच, पीटीच्या तासाचा. पोटाला काही झालेलं नव्हतं. पळताना छाती हलते आणि मुलगे हसतात, एवढंच होतं, आणि ते तिला आईपाशीही बोलता येत नव्हतं. धावताना स्तन नुसते वरखाली होत नाहीत, आठच्या आकड्यासारखे सगळ्या बाजूंनी हलतात. साध्या ब्राला ते झेपत नाही, म्हणून खेळायची ब्रा वेगळी असते. पहिली स्पोर्ट्स ब्रा 1977 साली अमेरिकेत धावणाऱ्या बायकांनीच केली, पुरुष खेळाडू घालतात ते दोन सपोर्टर एकत्र शिवून! या मुलीसाठी तिच्या आईने जिल्ह्याच्या गावाहून दोन आणल्या. पुढच्या हिवाळ्यात ती शाळेकडून धावली. कितवी आली ते मी विचारलं नाही.

गरोदरपणी तिसऱ्या महिन्यापर्यंतच जुनी ब्रा घट्ट होते, तेव्हा सातव्या महिन्याची वाट बघू नका. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे तारेची किंवा आवळणारी ब्रा नको. एका जागी सतत दाब पडला की तिथे दूध तुंबतं, गाठ होते, ताप येतो. पुढून उघडणारी, सुती, जरा वाढायला वाव असलेली घ्या, आणि आतलं पॅड ओलं झालं की लगेच बदला.

आणि ज्यांचा खांदा आखडलाय, हात मागे जात नाही, त्यांच्यासाठी. हुकं पुढे आणून लावा आणि मग ब्रा फिरवून मागे न्या. काढताना उलटं करा. तेही जमत नसेल तर पुढे हुकं असलेली ब्रा घ्या, किंवा पॉपलिनची बॉडी शिवून घ्या. जुन्या टेलरना ती अजून येते. ब्लाउजला सांगता तसंच त्यालाही सांगा, मुंढा सैल ठेव, काखेत काचायला नको, हुकं मोठी लाव, आणि शिलाईत मार्जिन ठेव.